गव्हाणीचा मान

गेल्या वर्षीच्या आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, पहिला रविवार, सकाळची मराठी मिस्सा नुकतीच संपली होती. रक्कम रुपये दोन लाख एक्कावन्न हजार फक्त, चेकने. हजर: आमचे धर्मगुरू फादर विल्सन, नाताळ समितीचे प्रमुख एडविनसर, मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या फिलोमिनाबाई, चेक देणारे मोशीचे नाना आणि पावती लिहिणारा मी.

नानांचा आणि चर्चचा तोवर काही संबंध नव्हता. मोशीतलं जुनं शेतकरी घर. शेतीवर आता इमारती उभ्या आहेत आणि उरलेल्या तुकड्यावर नानांनी पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पायात बूट आणि हातात चेक, असे ते माझ्या टेबलासमोर बसले होते.

"लिवा गायकवाड," ते म्हणाले. "आमच्या खोलीतलं पोरगं यंदा तुमचा देव व्हनार हाय म्हनं. त्या कामासाठी हे पैसं."

मी पावतीवर लिहिलं, 'हेतू: चोवीस डिसेंबरचा जिवंत गोठा.' नानांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. एडविनसरांनी त्यांच्यासोबत सेल्फी काढला. फादर विल्सन एवढे खूश झाले, की त्यांनी स्वतः उठून चहा सांगितला.

पुढे जे झालं त्याचा धक्का माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ते सांगण्याआधी माझं काम काय आहे ते सांगायला हवं, कारण चर्चच्या ऑफिसात पगारी माणूस बसतो हेच पुष्कळांना माहीत नसतं.

चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्स आणि पर्चेसमध्ये मी अठरा वर्षं काढली. कंपनीने प्लांट दुसऱ्या राज्यात हलवला. मी हललो नाही. मुलगी दहावीला होती, फ्लॅटचे हप्ते चालू होते. त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामाला, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या सगळ्या कुटुंबांच्या समूहाला, ऑफिस सांभाळणारा माणूस हवा होता. पगार कंपनीच्या निम्मा. घरच्या मंडळींनी हिशोब मांडून बघितला आणि म्हणाल्या, "जा. निदान शिफ्ट तरी नाही." ते खोटं निघालं. डिसेंबरात तिन्ही शिफ्ट असतात.

काम असं: बाप्तिस्म्याच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, दाखले, हॉलचं बुकिंग, दफनभूमीतली जागा आणि मिस्साचे हेतू. मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना. ती कुणासाठी तरी वाहावी, असं लोक सांगायला येतात आणि सोबत जमेल ते अर्पण देतात. ती किंमत नव्हे. वडिलांच्या आत्म्याला शांती, मुलीचं बाळंतपण, ऑपरेशन, परीक्षा, असा जो हेतू असेल तो मी लिहून घेतो. एकाने इन्क्रिमेंटसाठी मिस्सा मागितली. मी विचारलं, किती टक्के, तर लाजला. एक सासूबाई सुनेला सुबुद्धी मिळावी म्हणून हेतू लिहून गेल्या. दोन दिवसांनी सून आली, सासूला सुबुद्धी मिळावी म्हणून. त्या वेळच्या फादरांनी 'एका घरातील शांतीसाठी' असं वाचलं. दोघी पहिल्या बाकावर शेजारी बसून "आमेन" म्हणाल्या.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकलो. कंपनीत पैसा हा पैसा असतो, इकडचा तिकडे फिरवता येतो. इथे येणारा रुपया हेतू घेऊन येतो. ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लावायचा, हा चर्चचा नियम आहे आणि तो नसता तरी मी पाळला असता.

डिसेंबरातली गिऱ्हाइकं वेगळीच. "तुमच्याकडे स्नो आहे का?" असं फोनवर विचारतात. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं होतं, "तुमचे फादर सांता म्हणून येतील का? ड्रेस आमच्याकडे आहे." मी म्हणालो, "फादरांना दाढी नाही." ते म्हणाले, "दाढीसुद्धा आमच्याकडे आहे." अशा लोकांचा मला राग येत नाही. नाताळ म्हणजे लाल टोपीचा म्हातारा हे त्यांना कुणी सांगितलं? टीव्हीने, दुकानांनी आणि थोडंफार आम्हीच.

म्हणूनच आमच्याकडचा जिवंत गोठा मला महत्त्वाचा वाटायचा. येशूचा जन्म गोठ्यात झाला, गुरांच्या गव्हाणीत त्याला ठेवलं, ही मूळ गोष्ट. बहुतेक चर्चमध्ये ती मातीच्या मूर्ती मांडून दाखवतात. आमच्या थोरल्या फादरांनी, म्हणजे फादर विल्सन यांच्या आधीच्यांनी, वेगळी पद्धत पाडली होती. चोवीस तारखेला संध्याकाळी, नाताळच्या मिस्साआधी, मैदानात खराखुरा कडबा टाकायचा, खरीखुरी शेळी बांधायची, मुलांमधूनच मरिया, योसेफ आणि मेंढपाळ करायचे आणि गव्हाणीत खरं बाळ ठेवायचं. बाळ कुठलं, हे समिती ठरवत नाही. वर्षात शेवटी ज्याचा बाप्तिस्मा झाला ते, म्हणजे धर्मग्रामातलं सर्वांत धाकटं बाळ. ते डॉक्टरांचं असो, मच्छीवाल्याचं असो. मी नोंदवही उघडायची आणि शेवटची ओळ वाचायची, बस्स.

अशी किती बाळं मी गव्हाणीत पाहिली! एक पूर्ण वेळ झोपलं, तर लोक म्हणाले, बाहुली होती. एक एवढं रडलं, की शेळीही ओरडायला लागली. एका वर्षी शेवटच्या ओळीत जुळी निघाली. दोघांनाही ठेवलं. थोरले फादर माईकवर म्हणाले, "एक राखीव आहे." आणि एकदा राहात्याहून आलेल्या एका आजीने गव्हाणीतल्या बाळाच्या गालाला काजळाची तीट लावली, तेव्हा फिलोमिनाबाई संतापल्या होत्या. "देवाला दृष्ट लागते का हो? पुसा ते!" आजी म्हणाल्या, "देवाला नसंल लागत, माझ्या नातवाला लागती." तीट राहिली.

गेल्या वर्षी शेवटच्या ओळीत नाव होतं अनमोल. आई सुषमा, वडील बिनोद. झारखंडचे आदिवासी ख्रिस्ती. बिनोद चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. असे शेकडो तरुण आता आमच्याकडे आहेत. रविवारच्या हिंदी मिस्साला मागे उभे राहतात, दान टाकतात आणि कुणाशी न बोलता कंपनीच्या बसने परत जातात. नाताळ समितीत त्यांचं कुणी नाही. बिनोद-सुषमा नानांच्या खोलीत राहायचे. बाळंतपणाला सुषमाची आई येऊ शकली नाही, तेव्हा नानांच्या बायकोने, नानींनी, सव्वा महिना त्या बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं होतं. म्हणून नानांना त्या बाळाचं कौतुक.

आता समितीची बैठक. आगमनकाळाचा दुसरा रविवार, तीच माणसं, फक्त नाना नव्हते. एडविनसर एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. मनाने दिलदार माणूस, चर्चच्या कामाला कधी नाही म्हणत नाहीत. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि कार्यक्रम दाखवला. भलामोठा एलईडी पडदा, डीजे, बर्फ उडवायचं मशीन, सेल्फी पॉइंट आणि शेवटी क्रेनवरून सांताक्लॉज खाली उतरणार. चाकणला माल चढवायला वापरतात ती हायड्रा क्रेन.

"आणि गोठा?" मी विचारलं.

"गोठा आहे ना सायमनभाऊ. एलईडीवर. ॲनिमेशन. चाळीस सेकंद."

"जिवंत गोठा म्हणतोय मी."

"भाऊ, कडबा म्हणजे आगीची रिस्क. शेळी म्हणजे घाण. थंडीत लहान बाळ म्हणजे फारच रिस्क. आणि खरं सांगू? तरुण पोरं बघत नाहीत ते. मोबाइलमधून डोकं वर काढायचं असेल, तर काहीतरी 'वाव' लागतं. गेल्या वर्षी गोठ्याच्या वेळी किती पोरं पार्किंगमध्ये होती, मोजा."

ते खोटं नव्हतं. माझी स्वतःची मुलगी पार्किंगमध्ये होती.

"पण नानांनी पैसे गोठ्यासाठी दिलेत."

"नाताळसाठी दिलेत हो. त्यांना कुठे फरक कळतोय?"

मी फादरांकडे पाहिलं. फादर विल्सन नवे होते, भला पण भिडस्त माणूस. हॉलचं गळकं छत त्यांच्या डोक्यावर होतं, म्हणजे दोन्ही अर्थांनी. ते म्हणाले, "सायमन, बघू या. ॲडव्हान्स तर एडविनने दिलाच आहे."

ख्रिस्ताच्या जन्माच्या दिवशी ख्रिस्ताला चाळीस सेकंद, हे आमच्या चर्चच्या खोलीत, क्रूसाखाली बसून ठरत होतं आणि कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला समितीत मत नाही, मी नोकर. मला एकच काम सांगितलं गेलं: त्या झारखंडच्या कुटुंबाला कळवा, की यंदा बाळ नको.

मी मोशीला गेलो. नानांच्या खोल्यांची एक ओळ, प्रत्येक दाराबाहेर सायकल किंवा सेफ्टी शूज. बिनोद पहिल्या शिफ्टहून नुकताच आला होता. मला बघून दोघांची धावपळ उडाली. शेजारून खुर्ची आली, चहा आला. भिंतीवर मरियेची तसबीर आणि तिच्याखाली दोरीवर एक पांढरं दुपटं वाळत होतं. त्याला लाल काठ होता. त्यांच्याकडची तशी साडी असते. सुषमाने स्वतःची साडी कापून ते शिवलं होतं, गव्हाणीसाठी.

"सर, हमारे पैंतीस लोग आएँगे," बिनोद म्हणाला. "सबने छुट्टी बोल दिया है. ठेकेदार गाली दे रहा है, देने दो."

मी सांगून टाकलं. कार्यक्रम बदलला आहे, जागेची अडचण आहे, थंडी आहे, पुढच्या वर्षी बघू. माझं हिंदी कामचलाऊ आहे आणि त्या दिवशी ते आणखीच आखडलं.

बिनोद "ठीक है सर, ठीक है सर," म्हणत राहिला. सुषमा मांडीवरच्या बाळाकडे बघत होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "सर, बच्चा में कोई कमी है क्या?"

"नहीं नहीं."

"काला है, इसलिए?"

असं काही माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. "नहीं," एवढं लगेच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, पण मध्ये थोडा वेळ गेला. त्या मधल्या वेळेत तिने बाळाच्या तोंडावर पदर ओढला. चहा मी तसाच टाकून निघालो.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसचं दार उघडून नाना आत आले. टोपी हातात.

"गायकवाड, पावती काढा. मोठ्यानं वाचा."

मी वाचली. आतून फादर आले.

"फादर, मी अडानी मानूस हाय," नाना म्हणाले. "तुमच्या धर्मातलं मला काय कळत न्हाई. पन मान म्हंजी काय ते कळतंय. आमच्या गावात भैरोबाच्या पालखीचा मान ज्या घराला दिला त्या घराचा. भांडनं झाली, कोर्टात गेलं, तरी मान काढत न्हाईत. तुमी त्या पोरीच्या दारात जाऊन मान काढून आला? आवं, तिनं काल चूल पेटवली न्हाई!"

"नाना, कार्यक्रम मोठा करतोय आपण," फादर म्हणाले. "क्रेन आहे, सांता आहे..."

"त्यो कोन?"

फादर समजावू लागले, की सांता म्हणजे मुलांना भेटवस्तू देणारा, परदेशात...

"त्येचा जल्म झालता का त्या दिवशी?"

"नाही."

"मग जल्म कुनाचा झालता?"

"येशूचा."

"आन त्योच न्हाई व्हय?" नानांनी टोपी डोक्यावर घातली. "गोठा करनार असाल तर पैसं ठेवा. नसाल करनार तर द्या परत."

नाना काही संत नव्हेत. उन्हाळ्यात त्यांनी याच लोकांचं भाडं वाढवलं होतं आणि पाण्याचे वेगळे पैसे घेतात. पण ते गेल्यावर फादर माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "सायमन, हेतूचा नियम काय सांगतो?"

"ज्यासाठी दिलं त्यालाच लावायचं. उरेल ते देणाऱ्याला विचारायचं, नाहीतर परत करायचं."

"बोलाव सगळ्यांना."

ती बैठक मी विसरणार नाही. फादर पहिल्यांदाच ठाम बोलले: जिवंत गोठा होणार, खरं बाळ ठेवणार. एडविनसर नाराज झाले. "मी सांताला काय सांगू? माझा कलीग आहे तो. दोन महिने पोट वाढवतोय." पण फादर हटले नाहीत. मला बरं वाटलं. वाटलं, झालं, मिटलं.

तेवढ्यात फिलोमिनाबाई बोलल्या. या बाईंनी माझ्या मुलीला पहिली प्रार्थना शिकवली. कोविडमध्ये स्वतः डबे करून बंद खोल्यांच्या दारात ठेवले. आवाज चढवून त्या फक्त तीट पुसण्यासाठी बोलल्या असतील. त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, "गोठा करू या फादर, माझी काहीच हरकत नाही. फक्त बाळ दुसरं घेऊ. यंदा बॅनर लागणार, फोटो सगळीकडे जाणार. जरा उजळ असलेलं बरं. मेनेझिसांची नात आहे ना, अगदी चित्रातल्या बाळासारखी."

एडविनसरांनी होकाराची मान हलवली. मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. सुषमाने विचारलेल्या प्रश्नाला मी आदल्याच दिवशी "नहीं" म्हणून आलो होतो. खात्रीने म्हणालो होतो. आणि आता तेच वाक्य मी आमच्यातल्या सर्वांत मायाळू बाईच्या तोंडून ऐकत होतो.

"बाई," मी म्हणालो, "नोंदवहीत बाळाचं नाव असतं, तारीख असते, आईवडिलांची नावं असतात. रंगाचा रकाना नाही."

"अहो, मी वाईट अर्थाने नाही म्हणाले, सायमनभाऊ."

"मला माहीत आहे. म्हणूनच भीती वाटतेय."

फादर म्हणाले, "शेवटची ओळ. सायमन वाचेल तेच बाळ." आणि उठले.

त्या संध्याकाळी मी बिनोदला फोन केला. तो ओव्हरटाइमला कंपनीतच होता, मागे प्रेस मशीनचा आवाज. "अनमोल ही आएगा," मी ओरडून सांगितलं. तो आनंदाने दोनदा "जय येसु" म्हणाला आणि सुपरवायझर आला म्हणून फोन ठेवला. खरं तर मी मोशीला परत जायला हवं होतं. निरोप बिनोदला पोचला. पण प्रश्न सुषमाने विचारला होता आणि तिला उत्तर कुणी दिलं नव्हतं.

चोवीस तारीख. मैदानात कडबा पसरला, शेळी आली. हायड्रा क्रेनही आली, कारण क्रेनवाला ॲडव्हान्स परत द्यायला तयार नव्हता. एडविनसरांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. त्या दुपारी ते क्रेनजवळ कमरेवर हात ठेवून उभे होते. मग एकाएकी म्हणाले, "भाऊ, तारा कुठाय आपला?" चर्चच्या छतावर लावतो तो मोठा कागदी तारा त्यांनी उतरवला, स्वतः वायर ओढली आणि क्रेनच्या हुकाला बांधून बरोबर गोठ्यावर आणला. क्रेनचा ऑपरेटर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "साहेब, आजवर इंजिनं उचलली, मशीनं उचलली. हे पयल्यांदाच." पार्किंगमधली पोरं हळूहळू तारा बघायला आली आणि तिथेच थांबली. माझीही होती.

मुलांची रंगभूषा हॉलच्या मागच्या खोलीत चालली होती. फिलोमिनाबाई तोंडात सेफ्टी पिना धरून मेंढपाळांची उपरणी टाचत होत्या. मी शेळीवाल्याचे पैसे देऊन आत आलो, तेवढ्यात सुषमा आली. नवी साडी, केसांत फूल, मागे बिनोद आणि त्याचे मित्र. तिने छातीशी धरलेलं दुपटं उलगडलं.

बाळाचा चेहरा पांढराफटक होता. लहान मुलांना आंघोळीनंतर पावडर लावतात, तसा नव्हे. कपाळ, गाल, कान, मान, पापण्या, मुठी, सगळीकडे थरावर थर दिला होता. ओठांच्या कोपऱ्यात पावडर ओली होऊन तिची गोळी झाली होती. नानींनी लावलेली तीट खाली बुडून करडी दिसत होती. त्यातून दोन काळे डोळे आमच्याकडे बघत होते.

सुषमा हसली. खूप कष्टाने केलेलं काम दाखवताना माणूस हसतो तशी. मला म्हणाली, "सर, अब ठीक है ना?"

माझ्या हातातून सुटे पैसे खाली पडले. ते मी उचलले नाहीत.

फिलोमिनाबाईंच्या तोंडात पिना तशाच होत्या. त्यांनी एकेक काढून टेबलावर ठेवली. मग आपल्या साडीचा पदर खोलीतल्या पिंपाच्या तोटीखाली धरला, पिळला आणि सुषमाच्या समोर गुडघ्यांवर बसल्या. पाणी गार होतं. पहिला हात फिरताच बाळाने जो टाहो फोडला, तो बाहेर माईकपर्यंत गेला असेल. बाई थांबल्या नाहीत. कपाळ पुसलं, गाल पुसले, कानामागे पुसलं, एकेक बोट उघडून पुसलं. पदर पिळून पुन्हा आल्या. सुषमा घाबरून बिनोदकडे बघत होती. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. बाईंच्या नाकावरून पाणी गळत होतं आणि हिंदी त्यांना येत नाही. शेवटी त्या मराठीतच म्हणाल्या, "असाच हवा गं बाई. असाच."

बाळाचा खरा रंग वर आला. ओल्या मातीसारखा, तुकतुकीत. बाईंनी आपल्या डोळ्यातलं काजळ बोटाच्या टोकावर घेतलं आणि त्याच्या गालावर तीट लावली.

मग गोठा झाला. अनमोल गव्हाणीत लाल काठाच्या दुपट्यावर पडून होता, डोळे रडून सुजलेले, मध्येच एक उसासा. वर क्रेनचा तारा थोडा हलत होता. मागे उभे राहणारे ते पस्तीसजण त्या दिवशी पुढे उभे होते आणि त्यांच्या भाषेतलं एक गाणं त्यांनी गायलं, जे आम्हाला कुणालाच कळलं नाही. पहिल्या ओळीत नाना उभेच होते, टोपी काढून. मागची माणसं कुरकुरली, "अहो आजोबा, बसा ना, दिसत नाही."

"कसा बसू?" नाना मागे न बघता म्हणाले. "माझा भाडेकरू हाय त्यो."

जानेवारीत मी हिशोब केला. गोठ्याचा खर्च असा: कडब्याच्या पेंढ्या सहाशे रुपये, मोशीच्या शेतकऱ्याला. शेळी आणणं-नेणं पाचशे, शेळीवाल्याला. कंदिलाचं तेल साठ. मुलांची चहा-बिस्किटं तीनशे, कँटीनवाल्याला. एकूण चौदाशे साठ. एलईडी आणि क्रेनच्या ॲडव्हान्सचे चाळीस हजार आणि वरची बाकी एडविनसरांनी स्वतःच्या खात्यातून भरली आणि पावती नको म्हणाले. दोन लाख एकोणपन्नास हजार पाचशे चाळीस रुपयांचा चेक मी मोशीला जाऊन नानांच्या हातात दिला.

नानांनी चेक लांब धरून वाचला, मग खर्चाचा कागद वाचला. "चौदाशे साठ?"

"हो."

"एवढ्यात झाला व्हय तुमचा देव?"

"एवढ्यातच होतो, नाना. पहिल्या वेळी तर तेवढेही लागले नव्हते."

"मग पुढल्या वर्सी बी माझ्याच नावावर टाका," ते म्हणाले आणि चेक घडी करून टोपीत ठेवला.

त्यांच्याकडून निघताना मी सुषमाच्या दारात थांबलो. अनमोल पालथा पडायला शिकला होता. खिडकीच्या फळीवर पावडरचा डबा दिसला, अर्ध्याहून रिकामा.

"कितने का है?" मी विचारलं.

"पंचानबे का. क्यों, सर?"

ते पैसे तिला द्यावेत, असं माझ्या मनात होतं. खिशात हात घातलाही. पण पावती लिहिताना 'हेतू' या शब्दापुढे काय लिहायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही आणि अजूनही सुचलेलं नाही. त्यामुळे ती रक्कम आमच्या हिशोबात कुठेच नाही. पंचाण्णव रुपये, दिले सुषमाने, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला.